गाणं बसवायचं म्हणजे

लग्नसराईत आदिलाबादच्या गल्लीतून वरात निघाली, की तिच्यापुढे चालणाऱ्या त्याच दहा-बारा माणसांना दोन घरं ओलांडेपर्यंत तीन नावं मिळतात. मराठी घरातली आजी खिडकीतूनच विचारते, ''वाजंत्री आले का गं?'' शेजारच्या तेलुगू घरात तेच लोक 'भजंत्रीलु' होतात. पोरंसोरं त्यांना 'बँड' म्हणतात. पांढरकवड्याहून नागपूर-हैदराबाद रस्त्याने खाली यावं, पैनगंगा ओलांडावी, की हा प्रकार सुरू होतो. १९५६ साली हैदराबाद राज्य मोडलं तेव्हा आदिलाबादचे किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले, बाकीचा जिल्हा आंध्रात राहिला, पुढे २०१४ला तेलंगणात आला आणि २०१६ साली त्याचे चार तुकडे झाले. शब्दांना मात्र कुणी त्यांचा तालुका विचारला नाही. ते इकडून तिकडे जात राहिले.

वाजंत्री आणि भजंत्री ही एकाच शब्दाची दोन रूपं आहेत. 'वाद्य'चं प्राकृतात 'वज्ज' झालं, त्यातून आपलं वाजणं, वाजप, वाजवणं आलं. त्याला यंत्र जोडलं की वाजंत्र, आणि ते धरणारा वाजंत्री. दक्षिणेकडे जाताना 'व'चा 'ब' झाला. कन्नडमध्ये तो बजंत्री आहे. तेलुगूत 'ब'ला आणखी श्वास मिळाला आणि भजंत्री तयार झाला. देवळापुढे वाजवणाऱ्यांचा हा शब्द, तेव्हा लोकांच्या कानात शेजारचं भजन घुमत असणार, असं मला वाटतं. तिकडे तो समाजाच्या नावातही गेला. आणि 'बँडबाजा'? त्यात इंग्रजीने जे सांगितलं तेच देशी शब्दाने पुन्हा सांगितलं आहे. पावरोटीत पोर्तुगीज पाव आणि देशी रोटी एकमेकांना चिकटले, तसंच हे. परका शब्द एकटा आत आला की त्याच्यासोबत घरचा माणूस पाठवायची आपली रीत दिसते.

पण ही सगळी नावं वाजवणाऱ्यांची झाली. सिनेमातलं गाणं असतं चाळीस-पन्नास वाद्यांचं. व्हायोलिनांचा ताफा, बासऱ्या, कोरस, मध्येच सतारीचा तुकडा. गल्लीत ते वाजवायला असतात दोन क्लॅरिनेट, दोन ट्रम्पेट, एक युफोनियम, साइड ड्रम, ढोल आणि झांज. तेव्हा गायकाची ओळ कुणी घ्यायची, व्हायोलिनांचं काम कुणाच्या गळ्यात मारायचं, सतारीचा तुकडा सरळ गाळायचा की ढोलाच्या बोलांत बुडवायचा, हे कुणीतरी ठरवावं लागतं. त्या कामाला आपण काय म्हणतो? मुंबईच्या सिनेमासंगीतात त्या माणसाला अरेंजर म्हणतात. मराठी ध्वनिमुद्रिकांवर 'संगीत संयोजन' असं छापतात आणि पुढे अनिल मोहिले, श्यामराव कांबळे, अप्पा वढावकर अशी नावं येतात. आकाशवाणीच्या मराठीत 'वाद्यवृंद संयोजन' असतं. संयोजन हा काही वाईट शब्द नाही. त्याच्या पोटात 'युज्' धातू आहे, म्हणजे जोडणं, जुंपणं. बैलाच्या मानेवरचं जू त्याच घरातलं, कारण ते 'युग'चं मराठी रूप. कापसाच्या मुलखात, जिथे पोळा अजून जोरात होतो, तिथे संयोजनाचा हा अर्थ कुणालाही चटकन कळेल. फक्त तालमीच्या खोलीत तो शब्द कुणी उच्चारत नाही. तिथे म्हणतात, ''गाणं बसवायचंय.''

माझं मत विचाराल तर या कामाला भारतीय भाषांतल्या उत्तम शब्दांपैकी हा एक आहे, आणि तो आपल्याला इतका सवयीचा आहे की आपण त्याच्याकडे शब्द म्हणून पाहतच नाही.

संस्कृत 'उपविश्', म्हणजे जवळ बसणं. प्राकृतात त्याची अक्षरं झिजली, जुन्या मराठीत 'बैसणे' उरलं, आणि आजचं बसणं झालं. त्याचं प्रयोजक रूप बसवणं. आपण नाटक बसवतो, नाच बसवतो, कवायत बसवतो. दाराला कडी बसवतो आणि अंगठीत खडाही बसवतो. प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट आहे: ठरलेली जागा आहे, त्या जागेत एक वस्तू हलणार नाही अशी पक्की जायला हवी. बँडमास्तर गाणं बसवतो तेव्हा तो प्रत्येक वाद्याला जागा देतो आणि मग ते वाद्य त्या जागेत गच्च बसेपर्यंत पुन्हा पुन्हा वाजवून घेतो. शिकणाऱ्या पोराची प्रगतीसुद्धा याच क्रियापदाने मोजली जाते. आधी 'हात बसतो', मग 'ठेका बसतो', मग चौघांचा 'मेळ बसतो', आणि सगळं जमलं की 'जम बसतो'. तालीम हा शब्दही बघा. मुळात अरबी, अर्थ शिकवणं. मराठीत तो पैलवानांच्या आखाड्याकडे गेला आणि नाटकवाल्यांकडेही गेला, आणि दोन्हीकडे पोरं घाम गाळत एकच गोष्ट हजारदा करतात. तेलुगूतही तो 'तालीमु' म्हणून वावरतो.

या क्रियापदाचा एक खोडसाळपणाही आहे. गाणं बसलं तर मास्तर खूश. गायकाचा घसा बसला तर वरात बोंबलली. मेळ बसला म्हणजे जमलं आणि धंदा बसला म्हणजे बुडाला. भिंत बसते, तेव्हा ती खचलेली असते. एकाच क्रियेत स्थिरावणं आणि खाली जाणं दोन्ही आहे, आणि कुठलं घ्यायचं ते पुढचं-मागचं नाम ठरवतं. मराठी शिकणाऱ्या परभाषकाला हे समजावताना शिक्षकाचाच घसा बसतो.

आपल्या गाण्याच्या शब्दांत बसण्याचा सोस मात्र मोठा. मैफिलीला आपण बैठक म्हणतो, ती त्याच 'बैस'ची. बैठकीची लावणी वेगळी, फडावरची वेगळी. जलसा हा अरबी शब्द 'जलस' धातूचा, आणि त्या धातूचा अर्थ पुन्हा बसणंच. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलसे उभं राहून, खणखणीत आवाजात गावोगाव गाजले. शब्द तेवढा बसलेला राहिला.

नाट्यशास्त्रात तर हे बसवणं अक्षरशः आहे. भरताने वाद्यसमूहाला 'कुतप' म्हटलं आहे. तंतुवाद्यं आणि गाणाऱ्यांचा एक कुतप, चामड्याच्या वाद्यांचा दुसरा. पूर्वरंगाची सुरुवातच कुतपाच्या विन्यासाने होते. नेपथ्याच्या दोन दारांच्या मध्ये त्याची जागा, आणि आधी ठरायचं ते कोण कुठे, कुणाकडे तोंड करून बसणार. सूर लावण्याच्या आधी बसण्याचा प्रश्न सुटला पाहिजे, हे त्या काळच्या लोकांना नेमकं ठाऊक होतं. ज्याने कधी बेसूर ट्रम्पेटच्या शेजारी उभं राहून बासरी वाजवली आहे, त्यालाही ते ठाऊक असतं.

ग्रीक लोक मात्र बसलेले नव्हते. त्यांच्या 'ऑर्खेस्त्रा'चा अर्थ नाचायची जागा. नाट्यगृहात प्रेक्षकांच्या पुढ्यात गोल मोकळी जागा असे, तिथे कोरस नाचत गात असे. कोरस हाही मुळात नाचणारा समूह. रोमन काळात त्या जागेत प्रतिष्ठितांच्या खुर्च्या आल्या. पुढे युरोपात रंगमंचासमोरच्या त्या जागेत वाजवणारे बसू लागले, आणि जागेचं नाव माणसांना मिळालं. आपल्याकडे १९६०-७०च्या दशकांत 'ऑर्केस्ट्रा' आला तो आणखी वेगळ्या अर्थाने: सिनेमातली गाणी तिकीट लावून सादर करणारी मंडळी. महेशकुमार अँड पार्टीपासून पुण्या-मुंबईच्या कित्येक संचांपर्यंत. 'ऑर्केस्ट्राला जाणं' म्हणजे लताबाईंचा आवाज काढणारी गायिका आणि रफीसारखा गाणारा गायक ऐकणं. वाद्यं मागे बसलेली, कुणाच्या नजरेत नसलेली. शब्दाचा प्रवास नाचण्यापासून सुरू होऊन नकलेपर्यंत आला.

पण ग्रीक अर्थाचा ऑर्केस्ट्रा पाहायचा असेल तर आदिलाबादला दिवाळीच्या सुमारास जावं. राजगोंडांच्या गावातून दंडारीचे संच निघतात. डोक्यावर मोरपिसांचे टोप घातलेले गुसाडी नाचतात आणि सोबत डप्पू, तुडुम, पिपरी, कालीकोम वाजतं. एका गावची दंडारी दुसऱ्या गावाला जाते, मुक्काम करते, पाहुणचार घेते. नाच, तो नाचणारे, वाजवणारे आणि त्यांचा दौरा, या सगळ्याला मिळून एकच शब्द: दंडारी. मुळाशी 'दंड', म्हणजे काठी. विदर्भाच्या झाडीपट्टीत 'दंडार' आहे, ती याच गोतावळ्यातली. मार्लवाईचे कनक राजू यांना गुसाडीसाठी २०२१चा पद्मश्री मिळाला तेव्हा जिल्ह्याबाहेरच्या पुष्कळांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

यातली वाद्यांची नावं जरा जवळून बघू. कालीकोम म्हणजे लांब वाकडं धातूचं शिंग. 'कोम' म्हटलं की तेलुगू 'कोम्मु' आणि कन्नड 'कोंबु' आठवतात. दोन्हींचा अर्थ शिंग आणि फांदीही. आपला कोंब त्यांच्याच कुळातला म्हणायचा मोह मला होतो, पण मी त्याचा हट्ट धरणार नाही. पिपरी किंवा पेपरे हे सनईच्या जातीचं वाद्य, नाव आवाजावरून पडलेलं, आपल्या पिपाणीसारखं. तुडुम हा नगारा. तोही स्वतःचाच आवाज नाव म्हणून घेऊन फिरतो. आदिवासी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने 'तुडुंदेब्बा' हे नाव घेतलं. 'देब्बा' म्हणजे तडाखा, तेव्हा तुडुमवरचा टोला.

डप्पू तर ओळखीचाच. फारसी-अरबी 'दफ' मराठीत डफ आणि डफडं झाला, तेलुगूत डप्पू. त्याच जातीच्या हलगीची कथा मात्र उलट दिशेने येते. संस्कृत 'फलक', म्हणजे फळी. तेलुगूत 'पलक', आणि जुन्या 'प'चा 'ह' करणाऱ्या कन्नडमध्ये 'हलगे'. कन्नडमध्ये हलगे म्हणजे फळीही आणि चपटं चामडी वाद्यही. तिथून ती मराठीत हलगी झाली, आणि आंध्रात डप्पूला पलक म्हणणारे आजही भेटतात. म्हणजे आपल्याच भाषेत एक फळी सरळ वाटेने आली आणि भिंतीला लागली, दुसरी कर्नाटकातून वळसा घेऊन आली आणि वाजू लागली. २०१६च्या 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. त्याच चित्रपटाने हलगीचा ठेका वरातीवरातीत पोचवला. व्हायोलिनांच्या शेजारी हलगी बसवायची तर दोघांना पुरेशी जागा सोडावी लागते, नाहीतर हलगी सगळं गिळते.

हे जागा सोडणंच शिकायला सगळ्यात अवघड. नव्याने गाणी बसवणाऱ्याला वाटतं, आहेत तेवढी वाद्यं सगळी सगळीकडे वाजली पाहिजेत. ट्रम्पेटवाला रिकामा बसला तर त्याला पैसे कशाचे? शार्ङ्गदेवाने यावर तेराव्या शतकातच एक शब्द देऊन ठेवला आहे. देवगिरीला यादव राजा सिंघणाच्या पदरी असताना त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात वृंदांची मापं आहेत. उत्तम वृंदात ४ मुख्य गायक, ८ साथीचे गायक, १२ गायिका, ४ बासरीवाले आणि ४ मृदंगवाले, एकूण ३२. मध्यम वृंद याच्या निम्मा. आणि उत्तमापेक्षाही मोठा जो वृंद, त्याचं नाव 'कोलाहल'. ग्रंथात ती एक शास्त्रीय संज्ञा आहे, थट्टा नाही, पण मराठी माणसाला हसू आल्यावाचून राहत नाही. बत्तिसाच्या पुढे गेलात की कोलाहल! गणपतीच्या मिरवणुकीत तीनशे ढोल उभे करणाऱ्या मंडळांना ही व्याख्या कुणीतरी मोठ्या अक्षरांत छापून द्यायला हवी.

'वृंद' हा शब्द पुढे बराच काळ पुस्तकात पडून राहिला. १९५२मध्ये आकाशवाणीने दिल्लीत 'वाद्यवृंद' काढला, रविशंकर त्याचे प्रमुख होते, तेव्हा तो पुन्हा चलनात आला. मराठीचा स्वतःचा शब्द 'वाद्यमेळ' त्याहून सरळ, पण सरकारी कागदावर वृंद जास्त शोभला. मेळ, मेळा, मेळे: गणेशोत्सवातल्या गाणाऱ्या मेळ्यांनी हा शब्द घरोघरी नेला. तेलुगूत 'मेळं' म्हणजे नादस्वरम आणि डोलू यांचा संच, आणि मंगळसूत्र बांधायच्या क्षणी भटजी 'गट्टिमेळं' म्हणून ओरडतात, म्हणजे आता जोरात वाजवा. आपल्याकडे त्या क्षणी 'वाजवा रे वाजवा' होतं. आदिलाबादच्या मंडपात दोन्ही भाषांचे पाहुणे असले की भजंत्रींना दोन्ही आरोळ्या कळाव्या लागतात.

आता तालमीच्या खोलीत थोडा वेळ थांबू. गायिका म्हणते, ''काळी चार.'' पेटीवाला मान हलवतो आणि चौथ्या काळ्या पट्टीवर सा धरतो. 'पट्टी' म्हणजे पेटीवरची ती लाकडी चिपळी. एकोणिसाव्या शतकात पेटी आपल्याकडे आली, संगीत नाटकांनी ती पोसली, आणि स्वराच्या उंचीला पट्टी म्हणू लागलो. 'वरच्या पट्टीत बोलू नका' असं आपण भांडणात सांगतो ते या फ्रेंच घडणीच्या पेटीच्या उपकाराने. पण क्लॅरिनेटवाल्याची अडचण वेगळी. त्याचं वाद्य बी-फ्लॅटचं. तो पांढरी एकची बोटं ठेवतो तेव्हा कानाला काळी पाच ऐकू येते. म्हणून गायिकेची काळी चार हवी असेल तर त्याने काळी पाचची बोटं ठेवायची, एक पूर्ण स्वर वर. शेजारी अल्टो सॅक्सोफोन असेल तर तो ई-फ्लॅटचा: पांढरी एक धरली की काळी दोन वाजते, त्यामुळे त्याला याच गाण्यासाठी पांढरी चार धरावी लागते. एक सा, तीन माणसं, तीन वेगवेगळ्या पट्ट्या. मास्तर तिघांना तिघांच्या भाषेत सांगतो. नोटेशन लिहिणारा असेल तर तीन कागद तीन तऱ्हेने लिहितो. लिहिणारा नसेल तर वाजवून दाखवतो आणि पोरं कानाने उचलतात. 'उचलणं' हाही इथला खास शब्द. मास्तर बसवतो, पोरगा उचलतो.

वाद्यांना जे दिलं जातं त्याला इंग्रजीत पार्ट म्हणतात, म्हणजे वाटा. पार्टी हा शब्दही त्याच वाटणीतून आलेला. तेव्हा बेंजो पार्टी, कव्वाल पार्टी, म्युझिकल पार्टी ही नावं आपण नुसती रुबाबासाठी घेतली असली तरी ती चपखल आहेत: गाणं वाटून घेतलेली माणसं. आणि 'अरेंज'? फ्रेंचमधून आलेला, 'रांग' या अर्थाच्या शब्दाचा. इंग्रजीत तो आधी सैन्याचा होता, लढाईपूर्वी शिपाई ओळीत उभे करणं. बँडही छावणीतूनच आला, तेव्हा हे कुळाला धरून आहे.

तेलुगूत गाण्याची चाल 'बांधतात'. 'बाणी कट्टडं' म्हणजे चाल बांधणं. आपणही चाल बांधतो, आणि बंदिश हा फारसी शब्द तर संस्कृत बंधाचा सख्खा भाऊ. पण आपल्याकडे बांधणं चालीपुरतं राहिलं. एकट्या माणसाने, पेटीवर बसून, जे केलं ते बांधणं. अनेकांकडून जे करून घेतलं ते बसवणं. हा फरक शब्दकोशात सापडणार नाही, पण तालमीत कुणीही चुकत नाही. 'खळेकाकांनी चाल बांधली' म्हणतात आणि 'संचाने गाणं बसवलं' म्हणतात. उलट केलं तर कानाला खटकतं. चाल हा शब्द मुळात चालण्याचाच, पावलांची गत. वरातीत ती अर्थाला परत येते. मास्तरला गाणं बसवताना आधी पाहावं लागतं की या चालीवर चालता येईल की नाही. सिनेमातलं गाणं सहा मात्रांच्या दादऱ्यात असलं तर वरातीची पावलं अडखळतात. मग ते चारच्या ठेक्यावर ओढून घेतात, आणि मूळ गाण्याचा जीव त्यात किती उरतो ते मास्तरच्या हातावर अवलंबून. तेलंगणात या ठेक्यांत सगळ्यात लाडका 'तीनमार'. तीन मार, तीन ठोके. हैदराबादच्या अरब आणि हबशी वस्त्यांतल्या मरफ्यासोबत तो वाढला आणि इतका पसरला की २०११ साली पवन कल्याणच्या एका चित्रपटाचं नावच तीनमार होतं. मरफा हेही आधी एका नगाऱ्याचं नाव, मग सगळ्या संचाचं.

मास्तर या शब्दाचंही कुळ मोठं आहे. लॅटिन 'मॅजिस्टर'पासून इंग्रजी मास्टर, पोर्तुगीज 'मेस्त्र', इटालियन 'माएस्त्रो'. गोव्याच्या चर्चच्या शाळांत पोरांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवणारा तो 'मेस्त'. तोच पोर्तुगीज शब्द आपल्याकडे बांधकामावर गेला आणि मिस्त्री झाला. बँडमास्तर आणि गवंडीकामाचा मिस्त्री एका आजोबांचे नातू आहेत, आणि दोघांनाही कामगार वेळेवर येत नाहीत ही एकच तक्रार असते. गोव्यातल्या मेस्तांनी घडवलेली पोरं मुंबईला गेली आणि हिंदी सिनेमाची गाणी त्यांनी लिहून काढली. सेबास्टियन डिसोझा शंकर-जयकिशनची गाणी सजवायचे. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'त लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या चालीवर गुरूचं नाव देशभर गाजलं. गंमत अशी की ते गाणं आजही वरातीतल्या बँडवर वाजतं, आणि वाजवणाऱ्याला क्वचितच माहीत असतं की ज्याचं नाव तो फुंकतो आहे तो माणूस त्याच्याच धंद्यातला होता.

साथ या शब्दाकडे आलो नाही तर ही चर्चा लंगडी राहील. साथ, साथीदार, साथसंगत. संस्कृत 'सार्थ', म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा, त्यापासून साथ. एका वाटेने जाणाऱ्यांची सोबत. ताफा अरबी 'ताइफा'चा, ज्याच्या मुळाशी फेरी मारण्याचा, भोवती फिरण्याचा अर्थ आहे. पेशवाईत कलावंतिणींचे ताफे असत. आता ताफा मंत्र्यांच्या गाड्यांचा असतो, आणि शब्द निदान फिरतीवर परत आला. तेलुगूत साथीच्या वाद्याला 'पक्कवाद्यं' म्हणतात, बाजूचं वाद्य. बाजूला असणं आणि वाटेवर सोबत असणं यांत वाजवणाऱ्याला फरक कळतो.

एकट्याने वाटेवर निघालेलं वाद्य आदिलाबादेत आहे ते परधानांची किंगरी. परधान हे गोंडांचे पिढीजात भाट आणि कथेकरी. 'प्रधान' या शब्दाचंच हे रूप, म्हणजे ज्या शब्दाने आपण मंत्रिमंडळ भरतो त्याच शब्दाने इथे वंशकथा सांगणाऱ्याला ओळखतात, आणि मला तर हा वापर जास्त मानाचा वाटतो. १९४०च्या दशकात मार्लवाईत राहून काम करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी नोंदवलं आहे की इथल्या परधानांची घरची भाषा मराठी, पण यजमानांपुढे कथा गातात ती गोंडीत. घरात एक भाषा, किंगरीवर दुसरी. किंगरी म्हणजे 'किन्नरी', रत्नाकरात किन्नरी वीणा आहे. पण नावापलीकडे साम्य फारसं नाही: परधानांची किंगरी गजाने वाजते, तर तेलंगणाच्या दक्षिणेकडची 'किन्नेरा' बोटांनी छेडतात. दर्शनम मोगुलय्या बारा पायऱ्यांची किन्नेरा वाजवतात. 'भीमला नायक' या चित्रपटाच्या शीर्षकगीताची सुरुवात त्यांच्या आवाजात आहे, आणि २०२२ला त्यांना पद्मश्री मिळाला. गीताच्या पहिल्या काही क्षणांत तो एकटाच आवाज येतो, मग ढोल कोसळतात. कोलाहलाच्या आधी एक जागा रिकामी ठेवली आहे, म्हणून ते बसलं आहे.

केस्लापूरच्या पुष्य अमावस्येच्या नागोबा जत्रेसाठी मेसराम कुळाचे लोक गोदावरीचं पाणी आणायला पायी जातात, आणि परधानांची पेपरे, ढोल, कालीकोम सोबत असतात. तिथे कुणी काही बसवत नाही. पिढ्यांनी आधीच बसवून ठेवलेलं आहे. बाजारपेठेतल्या बँडला मात्र दर महिन्याला नवं गाणं लागतं. आणि हल्ली त्याच्याही पुढे एक गाडी उभी असते, तिच्यावर काळ्या पेट्यांची भिंत. तिला कुणी बसवत नाही, वाजवतही नाही. मराठीत डीजे 'लावतात', पंखा लावतात तसा.